येलदरीपर्यंतचे बूट

हिमालयाबद्दल काही वाचायला मिळेल म्हणून कुणी हे उघडलं असेल तर त्यांनी इथंच मिटून ठेवावं, मी रागावणार नाही. आम्ही तयारी हिमालयाची केली आणि पोचलो येलदरीला. पूर्णेहून परभणी, परभणीहून जिंतूर, तिथून धरण. म्हणजे जिल्ह्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं. एवढ्याशा प्रवासाचं वर्णन लिहिणाऱ्याला दुसरा उद्योग नसावा असं माझ्या बायकोचं मत आहे. ते तिनं चहा ठेवताना एकदा आणि गाळताना एकदा सांगितलंय.

मी पूर्णेच्या स्टेशनात तिकिटाच्या खिडकीत बसतो. लोकांना तिरुपतीपासून अमृतसरपर्यंत धाडण्यात हयात गेली, स्वतः खिडकीच्या आतच राहिलो. माझी सगळ्यात मोठी चढाई म्हणजे स्टेशनातला पूल. तोही चढताना मी मधेच थांबतो आणि मालगाडीचे डबे मोजल्यासारखं करतो, म्हणजे दम लागलाय हे कुणाला कळत नाही. असल्या माणसाला थोरल्या बहिणीनं एक दिवस सांगितलं, "दत्ता, मला बर्फात जायचंय. तू घिऊन चल."

आक्काचा धाकटा मुलगा गजानन, आमचा गजू, बरीच वर्षं उत्तराखंडात होता. डोंगरात हिंडायला येणाऱ्यांच्या तंबूंवर स्वयंपाक करायचा. बर्फात बसून दिल्ली-बंगळुरूच्या पोरांना पिठलं खाऊ घालतो असं फोनवर सांगायचा आणि आम्ही त्याला थापाड्या म्हणायचो. गेल्या दसऱ्याच्या सुमारास वरचा मुक्काम आवरून खाली उतरताना एका घळीत बर्फ घसरलं, त्यात तो गेला. खालचा रस्ता बंद झाला होता. त्याच्यासोबत काम करणाऱ्या दीवाननं आणि इतरांनी घळीच्या कडेलाच त्याला अग्नी दिला. रस्ता मोकळा झाल्यावर दीवान अस्थी घेऊन हरिद्वारपर्यंत आला. मी आणि दाजी, म्हणजे आक्काचे यजमान, त्या आक्कासमोर घरच्या नदीत सोडायच्या म्हणून घेऊन स्टेशनातूनच माघारी फिरलो. वर जाण्याचं त्राण दोघांतही नव्हतं.

"तोंड न्हाई दिसलं लेकराचं," आक्का म्हणाली. "जागा तरी बघू दे."

दाजींनी मान हलवली. "तू जा. मला न्हाई बघवायचं."

दीवानला फोन केला. तो म्हणाला, वैशाखात बर्फ कमी होतं, सडक सोडल्यावर दोन दिवसांची चाल आहे, मधे एक मुक्काम तंबूत. मौसी येऊ शकतील, पण तयारी करून. आधी बूट घ्या, तुमच्या तिकडच्या थंडीत ते घालून चाला, एक रात्र तंबूत काढा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाठीवर ओझं घेऊन एखादी टेकडी चढून उतरा. तेवढं जमलं तर हेही जमेल. आक्का साखरेची, म्हणजे मधुमेहाची, गोळी घेते, म्हणून डॉक्टरांनाही विचारलं. त्यांनी रक्त तपासलं, चार प्रश्न विचारले आणि जा म्हणाले, फक्त डोंगरात पायात बूट असल्याशिवाय एक पाऊल टाकायचं नाही, अनवाणी तर मुळीच नाही.

अशी आमची परीक्षा ठरली.

परभणी

डोंगरात घालायचे बूट कसे निवडतात हे ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी लिहून ठेवतो. मला ते दीवाननं इतक्या वेळा ऐकवलं की आता झोपेतही सांगेन. बूट घोट्याच्या वर यावा. तळाला खोल खाचा असाव्यात. पाणी आत शिरू नये. खरेदीला दुपार कलल्यावर जावं, कारण दिवसभरात पाय थोडा फुगलेला असतो. आत पातळ मोजा, वर लोकरीचा जाड मोजा, आणि तसेच दोन्ही घालून बूट बघावा. टाच उचलली जाऊ नये, पण बोटांपुढं जागा राहावी, नाहीतर उतरताना नखं काळीनिळी होतात. आणि शेवटचं म्हणजे नवा बूट डोंगरात चावू नये, घरीच चावून घ्यावा.

परभणीच्या बाजारात असले बूट सहज मिळत नाहीत. शाळेचे काळे बूट मिळतात, पाणी भरणाऱ्यांचे गमबूट मिळतात, कारखान्यातले लोखंडी नाकाचे मिळतात. एका जुन्या दुकानातल्या चाचांनी मात्र फोनवर सगळं ऐकून घेऊन पुण्याहून पाच-सहा जोड मागवून ठेवले होते. आम्ही तिघं गेलो. मी, माझी बायको सुनंदा आणि आक्का.

आक्कानं चपला दुकानाबाहेर रस्त्यावर काढल्या. चाचा म्हणाले, "आपा, ये जूतों की दुकान है, अंदर आओ."

"लक्ष्मीचा फोटो हाय की आत," आक्का म्हणाली आणि गादीवर न बसता खाली फरशीवर बसली. ज्याच्या दुकानात तो फोटो लावलाय तो स्वतः नमाजी माणूस. फोटो आधीच्या मालकाचा होता, ह्यांनी काढला नव्हता. चाचांनी एकदा फोटोकडं बघितलं आणि तेही फरशीवर बसले.

मीही सोबत बूट घेणार होतो. पहिल्या जोडात माझी करंगळी मोडतेय असं वाटलं. दुसऱ्यात टाच सोलवटली. तिसऱ्यात पाय गेलाच नाही. चौथा घालून मी दुकानभर असा चाललो की सुनंदा बाहेर जाऊन उभी राहिली, लोकांना आमची ओळख पटू नये म्हणून. आक्काचं मात्र काहीच अडलं नाही.

"कुठं टोचतंय का?"

"न्हाई."

"बोटं पुढं टेकायलीत का?"

"न्हाई रे. झ्याक बसलाय."

चाचांनी दुसरा जोड दिला. तोही झ्याक. तिसरा तर चुकून एक नंबर लहान आला होता, नोकरानं जोर लावून चढवला. तोही झ्याक.

"आपा के पावां बोले तो नसीबवाले," चाचा हसले. "जिसमें डालो उसमें बैठ जाते. भाईसाब के पावां देखो, कोर्ट-कचेरी करते."

"माझे पाय रानातले हायत," आक्का मला म्हणाली. "तुझे खुर्चीखालचे. काटा बी लागत न्हाई मला आजकाल."

सगळे हसलो. मीही हसलो.

मग चाचांनी विचारलं, इतके मजबूत बूट घालून जाताय कुठं, यात्रेला का. आक्कानं सरळ सांगितलं, "लेकरू गेलं माझं तिकडं बर्फात. जागा बघायची हाय." चाचांनी हातातला बूट खाली ठेवला. मग म्हणाले, "आपा, आप कुछ मत बोलो. मैं देखता." त्यांनी प्रत्येक बूट तिच्या पायात घालून अंगठ्यानं दाबून पाहिला, पुढं किती जागा, टाचेत किती, आणि त्यांच्या बोटांनी निवडलेला तपकिरी जोड आम्ही घेतला. नाड्या त्यांनीच बांधल्या. बांधताना मान वर केली नाही.

चुडावा

बूट घरीच चावून घ्यायचे, असं ठरलं होतं. आक्काचं गाव चुडावा, पूर्णेहून गाडीनं जवळच. दर रविवारी मी तपासणी अधिकारी असल्यासारखा जायचो.

पहिल्या रविवारी बूट दारात, चपलांशेजारी, पालथ्या डालपाटीखाली. "कुत्रं पळवंल म्हणून झाकलेत," आक्का म्हणाली. तळ उलटा करून पाहिला तर खाचांमध्ये मातीसुद्धा नाही.

"घातलेच नाहीत का?"

"घालते की. पर घरात कसे घालू? चूल हाय, देव हाय."

"अंगणात?"

"अंगणात तुळस हाय."

"रानात?"

"रानात तुरीची रास पडलीय, दत्ता. राशीजवळ कोण पायात घालून जातंय?"

मग मी बघितलं ते असं. ती सकाळी बूट घालून निघायची. म्हणजे दाजी घालून द्यायचे, कारण ती लांबलचक नाडी तिला आवळता यायची नाही. मारुतीच्या देवळापाशी काढायची. पुढं नाडी तशीच खोचून घालायची. विहिरीच्या काठावर काढायची. शेजारणीच्या दारात काढायची. रानात राशीच्या अलीकडं काढून बांधावर ठेवायची आणि तिथून अनवाणी. एका फेरीत बूट पायात कमी आणि हातात जास्त. नऊवारी नेसलेली बाई, तपकिरी बूट काखेत, असं गावभर चाललेलं बघून पारावरची माणसं विचारायची, "आक्का, मिल्ट्रीत भरती झालीस का?"

"हाव. तुझं बी नाव दिलंय," आक्का म्हणायची. "म्हातारं माणूस लागतंय म्हणं, भाकरी थापायला."

 गजू गेल्यापासून दाजी घरातही पाहुण्यासारखे बसतात. पण सकाळी आक्का ओट्यावर बसली की ते खाली उकिडवे बसायचे, मोजे नीट ओढायचे, सुरकुती राहिली नाही ना बघायचे, आणि दीवाननं सांगितलं तशी घोट्यापाशी एक गाठ आणि वर एक गाठ मारायचे. त्यांना कुणी शिकवलं विचारलं तर म्हणाले, "फोनवर ऐकलं की मी. तू जोरात बोलतोस."

त्या वर्षी त्यांच्या घरी येळवस नव्हती. आमच्याकडं मार्गशीर्षाच्या अमावस्येला रानात कडब्याची कोप करतात, आत पाच दगड मांडून पूजा होते, भज्जी आणि आंबील घेऊन सगळी भावकी रानात जेवते. सुतकाच्या वर्षात सण नाही. चुडाव्याच्या सगळ्या रानांत कोपी उभ्या होत्या, आक्काच्या रानात नुसती तूर काढलेली मोकळी जमीन. त्याच्या पुढच्या रविवारी मी उसना आणलेला तंबू तिच्या अंगणात उभा करून दाखवला. आधी तो दोनदा माझ्या अंगावर पडला, एकदा दाजींच्या. उभा राहिल्यावर आक्का त्याच्याभोवती फिरली, आत वाकून बघितलं.

"ही तर कोप हाय," ती म्हणाली.

तेव्हापासून तंबूच्या दारातही बूट काढणं आलं.

जिंतूरची गाडी

थंडी पौषात आमच्याकडं अशी पडते की परभणीची माणसं तिच्याबद्दल अभिमानानं बोलतात. ती वाढलेली बघून आम्ही निघालो. सामानात तंबू, तीन झोपायच्या पिशव्या, खाली अंथरायच्या फुगवायच्या गाद्या (गारठा वरून कमी आणि जमिनीतून जास्त येतो, हेही दीवानचंच ज्ञान), लोकरीच्या टोप्या, जर्किनं, आणि सुनंदानं ऐनवेळी घुसवलेली इस्टोची टाकी. कंडक्टर म्हणाला, "काय हो मालक, लग्नाचा मंडप घेऊन चाललात का?"

"हनिमूनला," सुनंदा म्हणाली. कंडक्टर माझ्याकडं बघून इतका गंभीर झाला की त्यानं पुढं तिकिटाशिवाय काही विचारलं नाही.

आक्का खिडकीशी बसली होती. जिंतूर ओलांडल्यावर जमीन उंच-सखल व्हायला लागली तसं ती बोटानं डोंगर दाखवायची. "ह्याच्यापेक्षा मोठे असतील का रे?" मी म्हणालो, पुष्कळ. "ह्याच्या दुप्पट?" मी म्हणालो, असतील. मला खरं सांगायचा धीर झाला नाही की गजूच्या डोंगराच्या पायथ्याशी हे सगळे ठेवले तर ढेकळांसारखे दिसतील.

येलदरी

धरणाची भिंत आणि तिच्या मागचं पाणी एकाच वेळी दिसलं. पूर्णा नदी आमच्या गावाशेजारून वाहते, पण उन्हाळ्यात तिच्यात बैल बसतात एवढंच पाणी आम्ही बघितलेलं. इथं तीच नदी पलीकडचा काठ दिसेना इतकी पसरलेली. पाण्यावर वाऱ्यानं बारीक चुण्या पडलेल्या, मधे भोयांच्या होड्या.

काठावर कौसाबाई नावाच्या बाईचं खोपट होतं. नवरा गेलेला, दोन्ही मुली दिलेल्या, दीर मासे धरतो आणि ही विकते. तिच्याच जागेत आम्ही तंबू लावायची परवानगी मागितली.

"लावा की. पर घर असताना उघड्यावर कामून निजायलाव?" तिनं विचारलं.

मी थंडीत राहण्याचा सराव, उंची, हवामान असं सांगायला लागलो. आक्कानं मला थांबवलं आणि दोन वाक्यांत सांगितलं. ते ऐकून कौसाबाई उठली. तिनं सपाट जागा दाखवली, खडे स्वतः वेचले, आणि संध्याकाळी तीन थाळ्या आणल्या. ज्वारीच्या कडक भाकरी, ठेचा, आणि वाम माशाचं लालभडक कालवण. मी कालवणात भाकरी कुस्करून इतकी खाल्ली की सुनंदा म्हणाली, डोंगरावर तुमच्यासाठी वेगळा घोडा लागेल. आक्कानं ठेचा-भाकरी खाल्ली आणि आपल्या ताटातलं माशाचं कालवण कौसाबाईला परत दिलं. "तुझ्यासाठी ठिव. दिवसभर विकतीस आन् स्वतः खाईनास."

रात्रीबद्दल फार लिहीत नाही, कारण माझी त्यात शोभा नाही. झोपायच्या पिशवीची चेन माझ्या जर्किनात अडकली ती पहाटेपर्यंत. मी हलू शकत नव्हतो आणि लाजेनं ओरडूही शकत नव्हतो. आक्का आत शिरताना म्हणाली होती, "पोत्यात घालून निजवायलास व्हय मला," आणि पुढच्या क्षणी तिला झोप लागली. सुनंदाला विचारलं तर ती सांगेल की तिलाही लागली.

परीक्षेची सकाळ

सकाळी पाण्यातून वाफा निघत होत्या. काठावरचं गवत दवानं पांढरं. तंबूच्या कापडावर आतून पाणी धरलेलं, ते माझ्या मानेवर ठिबकलं तेव्हाच चेन सुटली.

चहा घेऊन आम्ही निघालो. मागची टेकडी चढायची, पलीकडं उतरायचं, दुपारच्या आत परत. दाजी नव्हते म्हणून नाड्या मी बांधल्या. पाठीवर प्रत्येकाच्या एक पिशवी. कौसाबाईही आमच्यासोबत थोडी वर आली. हातात भाकरीचा तुकडा आणि चिमूटभर तंबाखू.

"मालकाला दिऊन येते," ती म्हणाली. तिचा नवरा ह्याच पाण्यात बुडाला होता. पाणी चढलेलं असताना जिथं त्याला बाहेर काढलं, तिथं तिनं एक उभा दगड रोवलाय. आता पाणी खाली गेल्यामुळं ती जागा झुडपांत आहे.

एका बोरीपाशी कौसाबाईनं चपला काढल्या आणि पुढं गेली. आक्का थांबली. मग खाली बसली आणि नाडी सोडायला लागली.

"आक्का," सुनंदा म्हणाली, "डॉक्टरांनी काय सांगितलंय? इथूनच हात जोडा. कौसाबाईंचे मालक काही म्हणायचे नाहीत."

"गेलेल्या माणसाच्या जागंवर पायात घालून जाऊ व्हय?"

मला एकदम पुढचं दिसलं. "आक्का, मग तिथं? तिथं बर्फ असेल."

"तिथं तर काढीनच की," ती नाडीशी झटत म्हणाली. "दुसरीच्या मालकासाठी काढायले, माझ्या लेकरासाठी न्हाई काढणार?"

दोन महिने आम्ही तिला बर्फात नेणारे बूट तिच्या पायात बसवत होतो. तिच्या हिशेबानं ते बूट त्या जागेच्या अलीकडंपर्यंतचेच होते. शेवटचं अंतर ती राशीजवळ जाते तशीच, अनवाणी, जाणार होती. ती अनवाणी झुडपांतून दगडापाशी गेली, कौसाबाईच्या शेजारी उभी राहिली, वाकून मातीला हात लावला. परत आली, दोन्ही मोजे घातले, मी नाड्या बांधल्या. बांधता बांधता मी तोडगाही काढला. दीवानला सांगून बर्फावर आधी घोंगडं अंथरून घ्यायचं. दोन मिनिटं उभं राहायचं, की लगेच बूट. माझ्या डोक्यातून इतकी चांगली कल्पना क्वचित निघते, म्हणून चढभर मी स्वतःवर खूष होतो.

चढ मात्र माझ्यावर खूष नव्हता. अर्ध्यात मी मालगाडीचे डबे मोजायचा प्रयत्न केला, पण टेकडीवर मालगाडी नसते. आक्का पुढं. नऊवारीचा कासोटा, खाली बूट, पाठीवर पिशवी, आणि चाल अशी की जणू रानात भाकरी पोचवायची आहे. माथ्यावर ती आमची वाट बघत उभी राहिली.

"बस की थोडी," मी म्हणालो.

"तू बस. मला काय झालंय?"

माथ्यावरून सगळं पाणी दिसत होतं. तिनं खूप वेळ बघितलं. "जमंल मला, दत्ता," ती म्हणाली. तिच्या तोंडावर मी दसऱ्यापासून पहिल्यांदा काहीतरी मोकळं बघितलं. "दीवानला सांग, म्हातारी येयलीय म्हणावं."

उतरतानाही तीच पुढं. दुपारच्या आत आम्ही तंबूपाशी. परीक्षा पास. सुनंदानं तर येताना वैशाखातल्या रजेचं काढलं.

आक्का तंबूच्या दाराबाहेर बसली आणि पाय पुढं केला. मी नाडी सोडली. बूट निघाला. राखाडी मोजा तळव्याला ओला आणि काळपट दिसला. मला वाटलं, बुटात पाणी शिरलं, चाचांनी फसवलं. मोज्याला हात लावला आणि हात लाल झाला.

सुनंदानं मला बाजूला करून दोन्ही मोजे काढले. तळव्याच्या मांसात, अंगठ्यामागं, बाभळीचा काटा पुरता रुतून आत मोडलेला. मोज्याचे धागे त्यात ओढले गेलेले. त्यावर उभं राहून ती टेकडी चढली होती आणि उतरली होती.

आक्का कौसाबाईशी बोलत होती, जाळं कोण विणतं असलं काहीतरी.

"आक्का, हे दुखलं नाही तुम्हाला?" सुनंदाचा आवाज बदलला होता.

"काय?"

तिनं वाकून बघितलं. आपला पाय नसून दुसऱ्या कुणाचा आहे असं बघितलं. मग अंगठ्यानं काट्याच्या बाजूला दाबलं. जोरात दाबलं. रक्त आलं.

"कळंना," ती म्हणाली.

तिनं दुसरा पाय पुढं घेतला आणि त्याचा तळवा नखानं खरवडला. बोटं एकेक दाबली.  मला परभणीचं दुकान आठवलं, एक नंबर लहान बूट आणि आमचं सगळ्यांचं हसणं.

"कधीपासून असं?" सुनंदानं विचारलं.

"काय की. मला वाटलं, पाय टणक झाले." मग पाय खाली ठेवत, "डॉक्टरांनी विचारलं होतं, पायाला मुंग्या येतात का. मी म्हणलं न्हाई. मुंग्या कुठं येतात, काईच येत न्हाई."

कौसाबाईनं सुई तापवून काटा काढला. आक्का तिच्या हाताकडं बघत राहिली, हूं नाही की चूं नाही. सुनंदानं पाणी कोमट केलं, ते आधी स्वतःच्या कोपरानं बघितलं, आणि पाय धुऊन स्वच्छ फडकं बांधलं. दुपारी जिंतूरच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. मी उगाच तंबूच्या खुंट्या उपटत होतो.

"दत्ता, ते राहू दे. इकडं बस."

मी बसलो.

"तिथं माझी बोटं गळून पडली तरी मला कळायचं न्हाई."

"आपण घोंगडं अंथरू. मी ठरवलंय सगळं. आणि बूट काढायचेच नाहीत असं जर केलं..."

"ते मला व्हायचं न्हाई. तुला ठाव हाय."

मला ठाऊक होतं.

"आन् वर काय झालं तर दीवानच उचलणार. त्यानं माझ्या घरचं एक माणूस उचललंय. दुसरं कामून उचलावं त्यानं?" तिनं फडक्याचं टोक नीट खोचलं. "न्हाई जायचं."

"मी जाऊन येतो," मी म्हणालो. "फोटो काढून आणतो. सगळं बघून येतो."

"तुझ्या डोळ्यानं मला दिसंल व्हय रे?"

 सुनंदा उठून पाण्याच्या बाजूला गेली. ऊन आता चांगलं तापलं होतं, होड्या काठाला लागल्या होत्या. आक्का म्हणाली, "फोन लाव त्याला."

दीवाननं लगेच उचलला. तो सकाळपासून वाट बघत होता. "मौसी, चढ़ गईं?"

"चढ़ गई बेटा. उतर बी गई." आक्काचं हिंदी चुडावा स्टेशनातलं. "लेकिन अब हम नहीं आते. पाँव खराब हो गया. तू अब तकलीफ मत कर."

 तिकडून वाऱ्याचा आवाज येत होता.

"बेटा, तू बता," आक्का म्हणाली. "उधर क्या क्या है, सब बता."

दीवान सांगायला लागला. घळीच्या कडेला खाटेएवढी सपाट जागा आहे. बाजूला भोजपत्राचं झाड आहे. त्या दिवशी त्यांनी जे दगड रचले ते अजून तसेच आहेत, तो प्रत्येक फेरीत बघून येतो. खाली ओढा आहे. बर्फ वितळलं की गवतात बारीक पिवळी फुलं येतात. आक्का मधे मधे विचारत होती. झाड केवढं आहे. पानं गळतात का. ओढ्याचा आवाज वरपर्यंत येतो का. लोक तिथून जातात का, की एकटंच असतं. दीवान एकेकाचं उत्तर देत होता आणि ती डोळे मिटून मान हलवत होती.

"और धूप?" तिनं विचारलं. "धूप आती ना उधर?"

दीवान थांबला.

"आती है मौसी. सुबह सबसे पहले वहीं आती है."

हरिद्वारच्या फलाटावर, दाजी पाणी आणायला गेले होते तेव्हा, हाच दीवान मला म्हणाला होता की त्या घळीत दुपारनंतर घटकाभरच ऊन पोचतं, म्हणूनच बर्फ तिथं उन्हाळ्यापर्यंत हलत नाही.

आक्कानं फोन माझ्या हातात दिला. "सकाळच्याला ऊन येतंय म्हणं," ती म्हणाली. "तुला सांगितलं होतं का त्यानं?"

"हो," मी म्हणालो. "सगळ्यात आधी तिथंच."

"बरं हाय मग. त्याला थंडी लय वाजायची."